जपानला रमतगमत जाण्याची पूर्वतयारी (नाशिक केंद्र)

जपानच्या सहलीचा पहिला हप्ता भरून 'आम्ही बाई टूरवाल्यांसारखं धावत नाही सुटणार, तिथली छोटी गावं, डोंगर, कॉफीची दुकानं असं निवांत बघणार' असे जे भिशीत जाहीर करून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. निवांतपणा विमानतळावर विकत मिळत नाही, घरूनच न्यावा लागतो. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तो शिल्लक आहे का, हे आधी पाहिलेले बरे. म्हणून ही पूर्वपरीक्षा. शुल्क नाही. पार्किंगही नाही.

सुरुवात गावापासून. जपानच्या किसो खोऱ्यात मागोमे ते त्सुमागो अशी आठेक किलोमीटरची पायवाट आहे. एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो जोडणाऱ्या नाकासेंदो या जुन्या हमरस्त्याचा तो तुकडा. त्सुमागोने विजेच्या तारा दृष्टीआड केल्या आहेत आणि दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी येऊ देत नाहीत. आपण सरावाला भांडी बाजार आणि सराफ बाजार घ्यावा, मग पूल ओलांडून पंचवटी. तारा डोक्यावर असतील, त्यांच्याकडे बघू नये. मागून स्कूटरवाला हॉर्न देईल. त्याला रस्ता द्यावा, उत्तर देऊ नये. दुकानात पितळी घंगाळ दिसले की 'हे आता कोण वापरतं' असे न म्हणता मिनिटभर नुसते उभे राहावे. त्सुमागोत असेच काही दिसले की 'किती जपलंय हो यांनी' म्हणणारच आहात.

खरी कसोटी ओट्यावर बसलेल्या आजोबांची. ते विचारतील, "कोणाकडे आलात?" यावर "कोणाकडे नाही, सहज" हे उत्तर जुन्या नाशकात चालत नाही. सहज कोणी येत नसते; वाडा बघायला बिल्डरचा माणूस आला असेच धरले जाते. उमेदवाराने प्यायला पाणी मागावे. पेला रिकामा होईपर्यंत आजोबा स्वतःच भिंतीवर हात ठेवून १९६९च्या पुराचे पाणी कुठवर चढले होते ते दाखवतील. घड्याळ बघितलेत तर गुण कापले जातील.

पुढे काळाराम मंदिर. इथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. क्योतोच्या देवळातली पाटी वाचायला जेवढा वेळ राखून ठेवला आहे, त्याहून कमी वेळ इथे उभे राहणाऱ्यास नापास समजावे. याबाबत सवलत नाही.

आता निसर्ग. जपानात चेरी कुठे कधी फुलणार याचे अंदाज दरवर्षी जाहीर होतात आणि माणसे झाडाखाली पथारी टाकून बसतात. नाशिककरांचा तसा सोहळा म्हणजे पूर बघणे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, हा आकडा पावसाळ्यात दूधवाल्यालाही पाठ असतो. पण आकड्यावर भागते कोणाचे? आमचे माप म्हणजे गोदापात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीशी आले, अशी बातमी घरोघर पोचते आणि ऑफिसला निघालेला माणूस गोदाकाठी येऊन उभा राहतो.

या दर्शनाचे नियम कडक आहेत. 'बापरे, केवढं पाणी!' म्हणणारा तत्काळ बाहेरगावचा ठरतो. छत्रीचा दांडा मानेत धरावा, हात मागे बांधावेत आणि कोणी न विचारता म्हणावे, "हे काहीच नाही. २००८ला यायला हवं होतंत." शेजारचा १९६९ काढील. तिथे निमूट हार मानावी, कारण १९६९च्या वरचे पान कोणाच्या हातात नसते. फुलांखाली बसून जपानी माणूस जो शांतपणा कमावतो तो हाच असावा. आपला थोडा भांडखोर आहे, एवढेच.

जपानमधल्या गरम पाण्याच्या सामायिक कुंडात उतरायची ज्यांना धास्ती आहे (तिथे अंगावर कपडे चालत नाहीत, हे सौ.नी परस्पर वाचून ठेवलेले असते) त्यांनी रंगपंचमीला जुन्या नाशकातली एखादी रहाड गाठावी. पेशवाईपासून चालत आलेले हे जमिनीतले हौद. एरवी बुजवलेले असतात आणि वरून रिक्षा जातात. त्या दिवशी उघडतात, पूजा होते, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. काठावरून असा धप्पा मारायचा की बघे भिजले पाहिजेत. इथे कपडे अंगावर राहतात, फक्त पुन्हा घालण्याजोगे राहत नाहीत. क्योतोत संकोच वाटणार नाही.

राहता राहिली कॉफी. जपानमधल्या जुन्या वळणाच्या कॉफीच्या दुकानाला किस्सातेन म्हणतात. नागोयाच्या बाजूला सकाळी कॉफी मागवली की तेवढ्याच पैशात टोस्ट आणि उकडलेले अंडे मिळायची पद्धत आहे. याचे आपल्याला अप्रूप वाटू नये. मिसळीचा जादा रस्सा आपण हक्काने मागतच आलो आहोत. अडचण बसण्याची आहे. आपल्याकडे पोऱ्या पहिल्यांदा टेबल पुसतो ते स्वागत. दुसऱ्यांदा पुसताना प्लेट उचलून नेतो. तिसऱ्यांदा ओला फडका तुमच्या कोपराला वळसा घालून जातो, आणि तोवर एक चौकोनी कुटुंब तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे असते. तिसऱ्या फडक्यानंतरही ज्याच्या कपाचा शेवटचा घोट शिल्लक आहे आणि मोबाइल खिशात आहे, तो किस्सातेनला पात्र. ही परीक्षा रविवारी देऊ नये. रविवारच्या मिसळीत तिसरा फडका पहिल्याच्या जागी येतो. मंगळवारी दुपारी द्यावी.

सामानाविषयी. कोंडाजीचा चिवडा नेण्यास हरकत नाही, पण चालता चालता खाणे तिकडे प्रशस्त मानत नाहीत. शिंकान्सेन या वेगवान रेल्वेत आसनावर बसून खावा. तिथे डबा उघडून जेवायची रीतच आहे. रस्त्यावर कचराकुंडी शोधू नये, क्वचितच सापडते. १९९५मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच ठिकाणच्या कुंड्या काढल्या गेल्या आणि लोक आपला कचरा घरी नेतात. तेव्हा चिवड्याची रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवावी आणि नाशिकरोडला उतरल्यावरही खिशातच राहू द्यावी. घंटागाडी सकाळी येते.