अजून पंचवीस

मे महिन्यात कूलर कोणाच्या तोंडावर सोडायचा, यावरून नागपुरात घरोघरी भांडणं होतात. भाऊंकडे हा प्रश्न कायमचा मिटला आहे. त्यांचा कूलर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर सोडलेला असतो आणि वहिनी पोरांना घेऊन गच्चीवर झोपतात. बाहेर पारा ४५ वर, आत प्रोसेसर ८८ वर. भाऊंना काळजी फक्त दुसऱ्या आकड्याची.

प्रोसेसर हाताने पळवणाऱ्यांची एक जात असते, भाऊ त्यातले. कंपनीने छापलेला वेग त्यांना दुकानातल्या पाटीवरच्या भावासारखा वाटतो: घासाघीस केल्याशिवाय मान्य करायचा नाही. "कंपनीवाले राखून ठेवतात बावा," असं ते पोरासोरांना बजावतात आणि पुरावा म्हणून १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए काढतात. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर पळायचा. गोष्ट खरी आहे. पंचाईत एवढीच, की भाऊ अजून त्याच घबाडाच्या शोधात आहेत. मधल्या काळात कंपन्या शहाण्या झाल्या. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत टर्बो बूस्ट आला, एएमडीनेही तीच वाट धरली. आता किती गरम झालो, किती वीज खाल्ली हे चिप स्वतःच पाहते आणि जमेल तेवढा वेग आपणहून वाढवते. राखून ठेवलेलं फारसं उरलेलंच नाही.

सध्या भाऊंच्या तावडीत रायझन ५ ५६००एक्स सापडला आहे. कार्यक्रम नेमका जेवणाच्या वेळी सुरू होतो. डिलीटचं बटण बडवत बायोसमध्ये शिरायचं, मल्टिप्लायर ४५, व्होल्टेज १.२५, सेव्ह, रीस्टार्ट. मग सिनेबेंच चालवायचं आणि आलेला आकडा वहीत टिपायचा. मल्टिप्लायर पाव-पावने वाढतो, म्हणजे पायरीला २५ मेगाहर्ट्झ.

"अहो, भात थंडा होऊन राहिला!"

"आलोच. अजून पंचवीस."

तेवढ्यात निळा स्क्रीन. भाऊंच्या लेखी हे अपयश नव्हे. "हद्द सापडली" असं ते समाधानाने म्हणतात आणि हद्द ओलांडायला व्होल्टेज वाढवतात. व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने उष्णता वाढते, १.२ चं १.३ केलं, तर वेग तोच ठेवूनही साधारण सतरा टक्के जास्त. हे गणित भाऊ तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि म्हणता म्हणता १.३५ टाइप करतात. मशीन चालूच झालं नाही, तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा बटनसेल काढायचा, थोडं थांबायचं, पुन्हा श्रीगणेशा. रात्री प्राइम९५ ची कसोटी लागली की घरात मिक्सर लावायला बंदी. विजेचा दाब हलतो म्हणे.

सुट्टीत पुण्याहून भाची आली. तिने बायोसमध्ये पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, चालू केलं, कर्व्ह ऑप्टिमायझरला सगळ्या कोअरना मिळून एकच छोटा उणे आकडा दिला आणि बाहेर आली. "मामा, झालं. जेवायला बसू या?"

मग तिने मामांची वही चाळली. हा प्रोसेसर डब्यातून काढला तसा लावला, तरी एका कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. भाऊंनी जागरणं करून सहाही कोअर ४.५ वर खिळवले होते. सगळ्या कोअरवर जड काम पडलं की त्यांची सरशी होई, पण एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात त्यांनी स्वतःच्या हाताने वेग कमी केला होता.

भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "तो उणे आकडा प्रत्येक कोअरला वेगळा देता येतो का व?"

"येतो."

सहा कोअर, प्रत्येकाची वेगळी चाचणी, प्रत्येकाचा वेगळा निळा स्क्रीन! भाऊंचा चेहरा उजळला. त्याच संध्याकाळी त्यांनी बर्डीवरून नवी वही आणली.

नवशिक्यांनी यातून एवढंच घ्यावं. आधी ऑटो लावा. पीबीओनेसुद्धा वॉरंटीचं संरक्षण जातं, हे ठाऊक असू द्या. काही मदरबोर्डांचं एका बटणाचं ओव्हरक्लॉकिंग व्होल्टेज सढळ हाताने वाढवतं, म्हणून त्यानंतर तापमान जरूर बघा. हाताने करायचंच असेल, तर एका वेळी एकच आकडा बदला. वेग हवा असेल त्याला ऑटो पुरतं. मॅन्युअल हा छंद आहे आणि छंद म्हणून झकास आहे. फक्त, वेगासाठीच मॅन्युअल करतो असं सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्या घरी जेवायच्या वेळेला जाऊ नका.