आधी काट्यावर उभे राहा

आमच्या जिल्ह्याला मध्यंतरी स्वतःची विमान कंपनी मिळाली. तिच्याकडे सीईओ होता, गरुडाचं बोधचिन्ह होतं, गुळगुळीत कागदावरचं मासिक होतं आणि एक विमानही होतं. भाड्याचं. एक इंजिन, नऊ प्रवासी. संस्थापक तुमच्या ओळखीचेच. मागे घरपोच दुधाचं ॲप काढलं होतं, ते दुधासकट नासलं.

पण मला बोलायचंय ते काट्याबद्दल.

पहिल्या उड्डाणाला पत्रकार म्हणून आमंत्रण होतं. टाय लावलेला पोरगा म्हणाला, "सर, काट्यावर या." मी बॅग ठेवली. "तुम्ही पण." काटा अडत बाजारातून आणलेला. फटीत कांद्याची टरफलं तशीच. मी चढलो आणि पोरगा खणखणीत ओरडला, "ब्याऐंशी सहाशे!" दुसऱ्यानं वहीत लिहिलं. बोली तेवढी लागायची राहिली. मागच्या काकूंनी चपला काढल्या, पर्स नवऱ्याकडे दिली, बांगड्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी आपली वडापनंच जाते."

काट्याचा दोष नाही. सरकारी हिशेबात प्रौढ प्रवासी 75 किलोचा धरतात. मोठ्या विमानात जाड-बारीक मिळून हिशेब जुळतो. इथे इंधन, वैमानिक, माणसं, सामान सगळं धरून विमान चार टनांच्या आत बसवायचं, म्हणून एकेकाला तोलायचं आणि कोण कुठे बसणार तेही वजन बघूनच ठरवायचं. वडापवाला हेच काम नजरेनं करतो: "ओ पैलवान, तुम्ही मधी या." फरक इतकाच की वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि हे भरलं की हलत नाही.

मग प्रमुख पाहुणे आले. गळ्यात क्रेननं चढवलेला हार. पोरगा म्हणाला, "साहेब, काट्यावर..." शांतता पसरली. कार्यकर्ता पुढे झाला. "साहेबांचं वजन अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे!" टाळ्या. वैमानिकानं हिंदीत विचारलं, "कितना?" आपल्याकडे कागद वजन ठेवल्याशिवाय हलत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नसावं. त्याचं आपलं एकच पालुपद, वजन उतरवा. साहेब उतरणार नव्हते. हार उतरवायचा तर फोटो व्हायचे होते. शेवटी साहेब हारासकट बसले आणि दोन पत्रकार उतरवले. त्यातला एक मी.

धुळीत उभा राहून विमान बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की धूळ फाटकाच्या बाहेरच आहे. शहरापासून फाटकापर्यंत 14 किलोमीटर डांबर एका रात्रीत पडलं. फाटकापुढे दोनशे पावलं गेलं की तोच जुना रस्ता, तीच खडी उघडी पडलेली. त्या रस्त्यानं माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला वडापमध्ये कोंबून जातात. नऊच्या गाडीत सोळा. त्यांचं वजन कुणी केलंय? 2016 च्या सरकारी विमानप्रवास योजनेनं तासाभराच्या उड्डाणाला 2500 रुपयांची मर्यादा घातली, कंपनीचा तोटा तीन वर्षं भरून द्यायचीही सोय केली. चांगलं केलं. मग त्या सोळाव्या माणसाच्या, दारात लोंबकळणाऱ्या माणसाच्या तोट्याची योजना कुठल्या टेबलावर आहे? विमानतळाच्या कोनशिलेवर चौदा नावं आहेत, मोजलीत मी. रस्त्याच्या खड्ड्यावर एकही नाही.

असो. जूनमध्ये ढग उतरले. आमच्या धावपट्टीवर यंत्राच्या भरवशावर उतरायची सोय नाही, पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसलं तरच विमान येणार. दिसेना. मग भाडं थकलं आणि विमानमालक येऊन विमान घेऊन गेला. सीईओ सध्या ड्रोनमध्ये आहेत.

परवा रद्दी द्यायला गेलो. दुकानात तोच काटा, कडेला गरुडाचं स्टिकर. वर कंपनीच्या मासिकाचे गठ्ठे रचलेले, सुतळीसुद्धा न सोडलेले. रद्दीवाला म्हणाला, "गुळगुळीत कागदाला भाव कमी." गठ्ठे उतरल्यावर मी सवयीनं काट्यावर चढलो.

चौऱ्याऐंशी दोनशे. यावेळी कुणी ओरडलं नाही.