रविवारी बंद राहील

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला शनिवारी सकाळी उठावंच लागतं, कारण रविवारी दुकानं बंद. बंद म्हणजे बंद. अर्धवट शटरखालून वाकून ‘काका, एक दुधाची पिशवी द्या ना’ म्हणायची सोय नाही. मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान उघडं असतं, पण तिथले भाव बघून माणूस उपास धरतो.

शनिवारची पहिली मोहीम रिकाम्या बाटल्यांची. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीवर इथे 25 सेंट अनामत घेतात. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की अनामत परत मिळते. आपण ‘वापरानंतर बाटली चुरगाळा’ वाचत वाढलेले, त्यामुळे बाटली रिकामी झाली की हात आपोआप वळतो. आणि चुरगाळलेली बाटली यंत्र घेत नाही. मग मागे रांग खोळंबलेली असताना भावी इंजिनिअर बाटलीत तोंडाने हवा भरत उभा राहतो. ज्याच्या खोलीवर पार्टी त्याच्या बाटल्या, असा आमच्यात अलिखित कायदा आहे. वाढदिवस आला की सगळे आपापली खोली फार उदारपणे देऊ करतात ते उगाच नाही.

रविवारी आवाजही बंद. ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत. कुकरची शिट्टी या नियमात बसते का, हे विचारायला अजून कोणी गेलेलं नाही. आम्ही खिडक्या लावून वरण शिजवतो.

अशा शहरात रविवारी करायचं काय, तर फिरायचं. महिन्याच्या एका तिकिटावर देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम चालतात. 2023च्या मे महिन्यात ते 49 युरोला सुरू झालं, 2025मध्ये 58 झालं, 2026मध्ये 63. वेगवान आयसीई गाडीला ते चालत नाही. ती शेजारच्या रुळावरून जाताना बघायची, ते फुकट असतं.

आमच्या ग्रुपवर बेत ठरतो तो स्वित्झर्लंडचा. बुधवारी कोणाची असाइनमेंट निघते, गुरुवारी कोणाला गोदामातली शिफ्ट लागते, आणि रविवारी आम्ही आखेनजवळच्या वाल्सरबर्गवर असतो. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. युरोपातल्या नेदरलँड्सचं हे सर्वांत उंच टोक, उंची 322 मीटर. आमच्यातला एकजण अकोल्याचा, म्हणजे कळसूबाईच्या अकोल्याचा. 1646 मीटर अंगणात असलेला माणूस! माथ्यावर पोचल्यावर त्याने विचारलं, “चढ कुठून सुरू होतो?” शेजारी दोन डच आजोबा हातात काठ्या घेऊन, शिखर सर केल्याच्या समाधानाने घाम पुसत होते.

इथे जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तिघांच्या सीमा मिळतात. पूर्वी चौथा कोपराही होता. जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्सचं जमेना, तेव्हा 1816 साली त्यांनी खाणीसकट एक पट्टा ‘कोणा एकाचाच नाही’ असा ठरवला. मोरेस्नेट नावाचा तो तुकडा 1920 साली बेल्जियमला मिळेपर्यंत तसाच राहिला. बांधाचा वाद शंभर वर्षं चालला हे आपल्याला ओळखीचं वाटतं. एवढ्या काळात कोणी कोणाची विहीर बुजवली नाही, हे मात्र परकं.

तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आम्ही बेल्जियममध्ये उघडला, कारण रिकामं बाक तिथे होतं. फोटो घरच्या ग्रुपवर गेले. आई म्हणाली, “एका दिवसात तीन देश? मजा आहे बाबा!” मावशीने विचारलं, “कोणत्या टूरबरोबर गेला होतात? माणशी किती घेतले?” बाटल्यांच्या पैशात झालं, हे सांगितलं असतं तर तिला ती थट्टा वाटली असती.

इकडे शिकायला येणार असाल तर एक विनंती. लोणच्याला बॅगेत जागा कराल, तशी कुकरच्या जास्तीच्या रिंगलाही करा. ती रिंग दगा देते ती रविवारीच.