धार, टोक आणि चटणी

इंग्रजीतला ‘शार्प’ ग्रीकमध्ये कसा न्यावा, हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या माणसाला पडण्याचे तसे काही कारण नाही. कृष्णाकाठी ग्रीक भाषेची टंचाई पहिल्यापासूनच आहे आणि तिच्यावाचून ना उसाचे अडले, ना हळदीचे. तरीही हा गुंता अथेन्सपेक्षा आपल्याकडे लवकर सुटेल असे माझे मत आहे. गुंता मुळात इंग्रजीने केलेला आहे. तिच्याकडे सुरी शार्प, पेन्सिल शार्प, पोरगा शार्प, घाटातले वळण शार्प, पोटातली कळ शार्प, भावातली घसरण शार्प, जुने मुरलेले चीज शार्प आणि सकाळचे दहासुद्धा शार्प. एका गड्याकडून नांगरट, धारा, राखण आणि पोरांची शिकवणी करून घ्यावी तसा हा प्रकार आहे. ग्रीक माणूस इतका कंजूष नाही. त्याची सुरी ‘कोफ्तेरो’, म्हणजे कापणारी. पेन्सिल ‘मितेरो’, आणि या शब्दाचे मूळ ‘मिती’, म्हणजे नाक. तेव्हा पेन्सिल नाकवाली. हुशार पोरगा ‘एक्सिप्नोस’, शब्दशः झोपेतून बाहेर आलेला. आणि दहा वाजता म्हणजे दहालाच, हे सांगायचे तर तो ‘अक्रिवोस’ म्हणतो, नेमके. गंमत अशी की ‘महाग’ या अर्थाचा ग्रीक शब्दही कानाला अगदी असाच लागतो. वेळ पाळणे महागात पडते हे ज्या समाजाला उच्चारातच कळले, त्याची आणि आपली नाळ कुठेतरी जुळत असणार. आपल्या लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि अक्षता पडतात तेव्हा पहिली पंगत मनाने केव्हाच जेवून उठलेली असते.

मराठीनेही ही कामे वाटून दिलेली आहेत. सुरीला धार असते, पेन्सिलीला टोक असते, आणि पहिलीतले पोरही या दोहोंत गल्लत करत नाही. ‘पेन्सिलला धार कर’ असे कोणी म्हटले तर वर्ग हसेल. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. तेव्हा तिथे उभ्या असलेल्या कुणाही बघ्याला विचारले असते, तर त्याने सांगितले असते की धार तलवारीला, वाघनखे अणकुचीदार. इंग्रजीत दोन्ही शार्प, म्हणजे चिरले काय आणि फाडले काय, सारखेच. पेन्सिलीला टोक काढायच्या यंत्राला आमच्याकडे ‘गिरमिट’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी ‘गिम्लेट’वरून आला, आणि ते सुताराचे भोक पाडायचे हत्यार. म्हणजे भोक पाडणारा साहेब इकडे आला आणि टोक काढायच्या नोकरीला लागला. शिवाय करारावर परदेशी गेलेल्या मजुरांच्या ‘ॲग्रिमेंट’चेही गिरमिटच झाले, आणि हुबळी-धारवाडकडे गिरमिट मागितले तर चुरमुऱ्यांची बशी पुढे येते. तीन गिरमिटे तीन तऱ्हांची, पण अर्थाचा घोटाळा होत नाही. कारण ऐकणारा शब्दाकडे बघत नाही, त्या शब्दाने पुढे काय होणार आहे ते बघतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. तीक्ष्णपणाचे भाषांतर करताना हत्यार बघू नये, जखम बघावी. शार्प हा काही वस्तूचा गुण नव्हे, ती कुणालातरी झालेल्या इजेची तक्रार आहे. आणि प्रत्येक भाषेला इजा वेगळ्या ठिकाणी झालेली आहे. याचा जुना पुरावा आपल्याच घरात पडून आहे. संस्कृतात ‘तिज्’ नावाचा एक धातू आहे, धार लावणे या अर्थाचा. त्यातून ‘तीक्ष्ण’ निघाले आणि ‘तेज’ही निघाले, म्हणजे आपण धारेची झळाळी तेवढी ठेवून घेतली. या धातूचा एक सख्खा भाऊ ग्रीकांकडे राहत होता. त्याच्यापासून ‘स्टिग्मा’ झाला: टोचून उठवलेला डाग, पुढे कलंक. एकाच कुळातल्या दोघांपैकी एक इकडे तेजस्वी झाला आणि दुसरा तिकडे डागी. ज्याच्या हातात दाभण होते त्याने तेज पाहिले, ज्याच्या कातडीत ते घुसले त्याने स्टिग्मा. वैद्यांच्या ‘तिक्त’ या शब्दाचे मूळही हेच तिज्, आणि तिक्त म्हणजे चवीला कडू. उलट संस्कृतातले ‘कटु’ म्हणजे तिखट, पण मराठीत येईपर्यंत त्याचे ‘कडू’ झाले. आयुर्वेदाचा जुना ग्रंथ वाचून स्वयंपाकाला बसलेला माणूस मिरची समजून कारले चिरेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

जिभेचे प्रकरण आहेच असे. प्राचीन ग्रीकांचा ‘ऑक्सिस’ म्हणजे तीक्ष्ण, आणि तीक्ष्णपणा त्यांच्या जिभेला झोंबला तो आंबट चवीतून. शिर्क्याला त्यांनी ‘ऑक्सॉस’ म्हटले. या आंबट वारशावर विसंबून अठराव्या शतकात लाव्वाझिएने एका वायूचे नाव ‘ऑक्सिजन’ ठेवले, म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच अशी त्याची समजूत होती. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही हे दाखवले, पण तोवर बारसे होऊन गेले होते. हाच लाव्वाझिए तासगावला जन्मला असता तर? आमचा तीक्ष्णपणा आंबट नव्हे. तीक्ष्णचे प्राकृतात ‘तिक्ख’ झाले आणि मराठीत ‘तिखट’, आणि तेही आम्ही मिरचीला बहाल केले. मिरची स्वतः अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली. तोवर मिरे, पिंपळी आणि सुंठ यांच्यावर आमचा तिखटपणा चालू होता. तीनशे-चारशे वर्षांत तिने नाव मिऱ्याचे घेतले, जागा पिंपळीची घेतली आणि ‘तिखट’ या शब्दावर कायमचा सातबारा करून घेतला. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण माणसांविषयी आहे असे समजतात. मला ती शेतीच्या इतिहासातली नोंद वाटते. तेव्हा तासगावच्या लाव्वाझिएने त्या वायूला ‘तिखटजनक’ म्हटले असते आणि तो प्रत्येक मिरचीत शोधला असता. चूक तेवढीच मोठी झाली असती, पण प्रयोगशाळेत डोळ्यांना पाणी जास्त आले असते. आमच्या तिखटातही पोटभेद आहेत. पुण्याच्या डब्यात ‘तिखट’ असते ते लाल पूड होऊन. सातारा-सांगलीच्या डब्यात त्याला ‘चटणी’ म्हणतात. इकडे ‘भाजीत चटणी कमी पडली’ हे ऐकून मुंबईचा पाहुणा पुदिना शोधू लागतो.

जखम न बघता हत्यार उचलले की काय होते, ते भूमितीत दिसते. युक्लिडने काटकोनापेक्षा लहान कोनाला तीक्ष्ण म्हटले आणि मोठ्याला बोथट. लॅटिनने तेच घेतले, इंग्रजीने लॅटिनचे घेतले, आणि आज इंग्रजीत ‘ऑब्ट्यूज’ हा कोनही असतो आणि डोक्यात प्रकाश न पडणारा माणूसही. मराठीने हा वारसा सरळ नाकारला. आपल्याकडे लघुकोन आणि विशालकोन. शब्दाला शब्द ठेवायचा तर पाठ्यपुस्तकात ‘मठ्ठकोन’ आला असता आणि मागच्या बाकावरच्या पोरांना वर्षभर पुरला असता. पण कोन कुणाला कापत नाही, तो फक्त लहान-मोठा असतो, हे ज्याने ओळखले त्याने ग्रीकांच्या दोन हजार वर्षांच्या उपमेला रजा दिली. परिभाषा घडवण्याचे असे मोठे काम सातारा जिल्ह्यातच झाले आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश वाईत उभा राहिला आणि पहिल्या खंडाच्याही आधी, १९७३ मध्ये, त्याचा परिभाषासंग्रह छापला गेला. आधी शब्द ठरवा, मग ज्ञान सांगा, हा क्रम वाईच्या घाटाला शोभणारा आहे. आधी आचमन, मग संध्या.

यावर पहिला आक्षेप शिस्तप्रिय मंडळींचा येईल. प्रत्येक जखमेला वेगळा शब्द दिला तर शास्त्र कसे चालायचे? त्यासाठी ‘तीव्र’ हा एक शब्द ठरलेला आहे, तो वापरावा आणि मोकळे व्हावे. आक्षेप वजनदार आहे, आणि तो मान्य केल्याचे परिणाम खंबाटकी घाटापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे दिसतात. वळण तीव्र, उतार तीव्र, निषेध तीव्र, नाराजी तीव्र, पाणीटंचाई तीव्र. इतक्या ठिकाणी घासल्यावर कुठलाही कोयता बोथट होतो. या गर्दीत आपली धार टिकवून आहे तो एकटा तीव्र मध्यम, कारण तो जरा उतरला तरी मिरजेत लगेच कळते. बरे, वैद्यकात तरी हा शब्द बिनचूक बसला आहे का? इंग्रजीत ‘अक्यूट’ म्हणजे अचानक येऊन थोडक्यात आटोपणारा आजार. तो भयंकर असेलच असे नाही. साधी सर्दीही अक्यूट असते. पण ‘तीव्र’ वाचले की पेशंट मृत्युपत्राचा विचार करू लागतो, आणि वर्षानुवर्षे आतून पोखरणाऱ्या दुखण्याला ‘जुनाट’ म्हटल्यावर, जुन्या पंख्यासारखे चालेल अजून, म्हणून निवांत राहतो. तिथे हत्यार बरोबर आले, जखम चुकली. दवाखान्यात बाकावर बसलेली आजी मात्र चुकत नाही. ‘सणक मारते’, ‘चमक भरली’, ‘कळ येते’, ‘ठसठसतं’, ‘चरचरतं’. यातल्या प्रत्येक शब्दात दुखणे कुठून कुठे जाते आणि किती वेळ थांबते, हे सगळे आहे. केसपेपरवर तीव्र लिहायला माझी हरकत नाही. तपासताना आजीचे ऐकावे.

दुसरा आक्षेप असा की ‘शार्प’ हा शब्द आता मराठीच झाला आहे, मग भाषांतराची उठाठेव कशाला. तो मराठी झाला हे खरे. पण कसा झाला ते पाहा. ‘पोरगं शार्प आहे’ असे जत-आटपाडीपर्यंत ऐकू येते, ‘शार्प दहाला या’ असेही म्हणतात. पण ‘विळा शार्प कर’ असे कोणी म्हणत नाही. विळ्याला धार लावायची असते, कोयता पाजवायचा असतो. म्हणजे हा परदेशी पाहुणा वेशीवर सगळी हत्यारे जमा करून मगच आत आला. त्याच्याकडे उरला तो हुशारीचा आव आणि घड्याळ, आणि त्या घड्याळाविषयी वर सांगितलेच आहे. हुशारीच्या बाबतीतही त्याची गरज होती असे नाही. दर्भाच्या टोकासारख्या बुद्धीला ‘कुशाग्र’ होते, आणि ती टोके फार झाली तर ‘दीडशहाणा’ होते. तीक्ष्ण आणि मूढ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द एकत्र बांधून कुणीतरी ‘ऑक्सिमोरॉन’ केला आणि अलंकारशास्त्रात ठेवला. आपण शहाणपणात अर्धे शहाणपण मिळवून मूर्ख तयार केला आणि त्याला ग्रामपंचायतीत ठेवला.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. काही ठिकाणी हत्यारच सर्वस्व असते, तिथे जखमेकडे बघून कसे भागेल? शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा शेवट घ्या. खेळातल्या तलवारींची टोके बोथट केलेली असतात. त्यातली एक मुद्दाम तशीच, जिवंत टोकाची ठेवली जाते, आणि त्या एका टोकावर राजघराणे संपते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले, १८८३ मध्ये. धारेला टोक म्हणून किंवा टोकाला धार म्हणून इथे चालणार नाही, हे कबूल. पण नाटकातला कट पुन्हा नीट पाहिला की मला धीर येतो. मारेकऱ्याचा स्वतःचाच त्या टोकावर विश्वास नाही. त्याने त्याला विष लावून ठेवले आहे. ओरखडा उठला तरी पुरे, अशी योजना. म्हणजे शेक्सपिअरनेही भरवसा टाकला तो जखमेवर. आणि ‘सुधारक’चे आगरकर पुढे गद्यातही तेच करत राहिले. त्यांच्या वाक्यांत शस्त्र फारसे चमकत नाही, पण ज्याला लागायचे त्याला बरोबर लागले.

तीक्ष्णपणा तीक्ष्ण वस्तूतूनच येतो, हा समज तर मिरजेच्या तंतुवाद्याच्या कारखान्यात पाच मिनिटेही टिकत नाही. तानपुऱ्याची तार एखाद्या धारदार कडेवर टेकवली तर सूर मुका निघतो. घोडीचा माथा हलक्या हाताने घासून सपाट, किंचित उतरता केला, तार त्यावर लोळली की मग जवारी खुलते आणि सूर टोकदार होऊन कानात शिरतो. खर्ड्याचेही तेच. हिरव्या मिरच्या सुरीने बारीक कापल्या तर ती कोशिंबीर होते. तव्यावर तांब्याच्या गोल बुडाने रगडल्या की त्याच मिरच्या घरातल्या सगळ्यांना ठसका लावतात. साऱ्या स्वयंपाकघरात तांब्याच्या बुडाइतके बोथट दुसरे काही नसेल.

आता उरला ग्रीकांचा प्रश्न. सुरी ‘कोफ्तेरो’ हे आलेच आहे. झणझणीत मिरचीला आजचे ग्रीक ‘काफ्तेरो’ म्हणतात, म्हणजे भाजणारे. आणि तिथल्या मिरचीचे नाव ‘पिपेरिया’. ते आले ‘पिपेरी’वरून, आणि पिपेरी आपल्या पिंपळीवरून, म्हणजे माल अमेरिकेचा, नाव मात्र इकडचे. ‘कोफ्तेरो’ आणि ‘काफ्तेरो’ या दोन शब्दांत फरक एका मात्रेचा. तेव्हा सांगलीचा एखादा गृहस्थ अथेन्सच्या खानावळीत बसला, समोरचे मचूळ वांगे बघून त्याचा जीव कासावीस झाला, आणि पाठ केलेला शब्द त्याने थोडा ओकाराकडे झुकवून मागितला, तर वेटर अदबीने स्वच्छ पुसलेली सुरी आणून ठेवेल. गृहस्थ ती बाजूला सारेल, खिशातून घरच्या चटणीची पुडी काढेल, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या वेटरला ऑक्सिस, कोफ्तेरो आणि काफ्तेरो या तिन्हींचा सांगलीकडचा अर्थ नाकातोंडातून कळेल.