शब्दकोश आधी, आश्रम नंतर

फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी नावाचं गाव होतं. तिथे ओम शिन्रिक्यो या जपानी पंथाने गोदामासारख्या इमारती उभारल्या आणि त्यांना ‘सत्यम’ हे संस्कृत नाव देऊन पुढे क्रमांक टाकला. सत्यम क्रमांक 7 मध्ये थर्मोकोलचा भलामोठा शिव बसवला होता. त्याच्या आड सारिन हे जीवघेणं विष बनवण्याचा कारखाना होता. आपल्याकडे देवाच्या पाठीमागे फार तर ट्रस्टींचं गोदरेजचं कपाट निघतं.

या पंथाचा लाडका शब्द होता ‘पोआ’. तिबेटी बौद्ध परंपरेत मृत्यूच्या क्षणी जाणिवेला वरच्या लोकी पोहोचवणारी ही साधना. पंथाचा गुरू शोको असाहारा याने तिचं क्रियापद सकर्मक केलं. माणूस पाप करत सुटला असेल, तर त्याचा पापाचा घडा आणखी भरण्याआधी त्याला वर पाठवणं हे पुण्यकर्म ठरलं. नोव्हेंबर 1989 मध्ये पंथाविरुद्ध लढणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि जेमतेम वर्षाचं मूल यांचा झोपेत जीव घेण्यात आला. 20 मार्च 1995 च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत छत्र्यांच्या टोकांनी सारिनच्या पिशव्या फोडण्यात आल्या. हे करणाऱ्यांत हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, विज्ञानाचे उच्चशिक्षित पदवीधर होते. त्यांना कुणी सरळ ‘दहा-बारा माणसं मारून या’ म्हणालं असतं, तर निदान एकाने तरी कारण विचारलं असतं. ‘पोआ’ला कारण लागत नाही.

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने शब्दाची ही युक्ती फार आधी ओळखली होती, तीही देवाधर्माचं नाव न घेणाऱ्यांच्या दारात. माओच्या चीनमध्ये ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या चाळीस जणांशी तो हाँगकाँगमध्ये बोलला आणि 1961 मध्ये त्यावर त्याने ग्रंथ लिहिला. माणसाच्या मनाचा ताबा घ्यायच्या आठ पद्धती त्याने नोंदवल्या. भाषेवर वजन लादणं ही त्यांतली एक. मोठा, गुंतागुंतीचा प्रश्न आला की एक ठरीव वाक्य त्याच्या अंगावर टाकायचं, प्रश्न जागच्या जागी गार. हाच लिफ्टन पुढे ओम शिन्रिक्योवरही पुस्तक लिहून बसला.

पण या कलेची उंची पाहायची तर सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाकडे जावं लागतं. एल. रॉन हबर्ड हा मूळचा विज्ञानकथा लिहिणारा. 1954 मध्ये लॉस एंजेलिसला त्याचं चर्च सुरू झालं आणि पुढे पंथाचा चांगला जाडजूड पारिभाषिक कोशही निघाला. हबर्डचा सिद्धान्त असा, की विद्यार्थी अभ्यास सोडतो, वैतागतो, गोंधळतो, त्याला कारण एकच: मागे कुठला तरी शब्द त्याला न कळता पुढे गेलेला असतो. उपाय म्हणजे मागे जाणं, तो शब्द शोधणं, कोश उघडणं. म्हणजे हबर्डचं म्हणणं एखाद्याला पटलं नाही, तर दोष हबर्डचा असण्याची सोयच नाही. कोश त्यांचा, अर्थ त्यांचा, नापास तुम्ही. आपल्या विद्यापीठांना ही कल्पना सुचली नाही, हे विद्यार्थ्यांचं भाग्य.

तरीही कुणी सोडून जायचं म्हणालाच, तर त्याच्या हातून काही काळी कृत्यं घडली आहेत आणि तो ती लपवतोय, असं गृहीत धरतात. बाहेर पडून टीका केली की तो ‘सप्रेसिव्ह पर्सन’, म्हणजे दडपशाही करणारा माणूस. दडपणारा कोण आणि दडपला गेलेला कोण, ही अदलाबदल दोन शब्दांत उरकते. मग आत राहिलेली आई आणि बाहेर पडलेला मुलगा यांच्यात होतं ते ‘डिसकनेक्शन’. ऐकणाऱ्याला वाटावं, लाइनमन येऊन वायर काढून गेला. अशा शत्रूला साठच्या दशकात ‘फेअर गेम’ म्हणत. त्याला फसवा, कोर्टात खेचा, नेस्तनाबूत करा, सगळं माफ. ऑक्टोबर 1968 मध्ये हबर्डने फर्मान काढलं, की हे लेबल लावणं बंद करा, त्याने जनसंपर्क बिघडतो. त्याच फर्मानात पुढे स्पष्ट होतं, की अशा माणसाला कसं वागवायचं याबद्दलचं धोरण यामुळे रद्द होत नाही. इतका प्रामाणिक सरकारी जीआरसुद्धा विरळा.

यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाने 2024 मध्ये असाच कारभार केला. बहिष्कृतासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेला ‘डिसफेलोशिप्ड’ हा शब्द काढून त्याऐवजी ‘मंडळीतून दूर केलेला’ असं म्हणायचं ठरलं. नियम थोडे सैल झाले, सभेला आलात तर नमस्कार करू म्हणाले. एरवी गप्पागोष्टींवरची बंदी मात्र आहे तिथेच आहे.

पुणेकरांनी या बाबतीत मागे राहायचं कारण नाही. कोरेगाव पार्कात 1974 पासून बहरलेला रजनीशांचा आश्रम 1981 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या चौसष्ट हजार एकरांवर गेला. तिथे रस्ते बांधणं, भांडी घासणं, बुलडोझर चालवणं यांतल्या कशालाच काम म्हणत नसत. ते ‘वर्शिप’ होतं. दिवसाचे बारा-बारा तास पूजा चाले. पूजेला पगार नसतो, सुट्टी नसते आणि पूजेची युनियनही निघत नाही. कुणी कुरकुर केली तर तो ‘निगेटिव्ह’, त्याचा अहंकार अजून गळालेला नाही. गुरूकडे त्र्याण्णव रोल्स-रॉइस गाड्या कशाला, असं विचारलं तर उत्तर येई, की हे ‘डिव्हाइस’ आहे, तुमच्या मनाला धक्का द्यायची युक्ती. धक्के बसण्याइतकं मन शिल्लक होतं, हेच नवल.

1984 मध्ये तर कमाल झाली. स्थानिक काउंटीच्या निवडणुकीत आश्रमाला मतं कमी पडणार होती. तेव्हा अमेरिकेच्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसमध्ये भरून आणली गेली. योजनेचं नाव ‘शेअर-अ-होम’, घर वाटून घेऊ या. पाहुणे डोईजड होऊ लागले तेव्हा त्यांच्या बिअरमध्ये हॅलोपेरिडॉल हे मनोरुग्णांना शांत करणारं औषध मिसळण्यात आलं. मतदार नोंदणी अडली तशी घराची वाटणी संपली आणि ही माणसं आसपासच्या गावांत सोडून देण्यात आली. त्याच सुमाराला द डॅल्स या गावातल्या दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू कालवून 751 माणसं आजारी पाडण्यात आली. मतदारच अंथरुणाला खिळले तर मतदान कोण करणार? रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला या बाईंनी पुढे गुन्हा कबूल केला. रजनीश 1987 मध्ये पुण्याला परतले, ओशो झाले. ते जन्मले नाहीत आणि मेलेही नाहीत, केवळ पृथ्वीला भेट देऊन गेले, असा मजकूर त्यांच्या समाधीवर आहे. पुणे महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाने त्यावर अद्याप हरकत घेतलेली नाही.

इथवर हसता येतं. हरियाणातल्या सिरशाचा डेरा सच्चा सौदा आला की हसू थांबतं. तिथे गुरमीत राम रहीमच्या निवासाला ‘गुफा’ म्हणत. त्या गुफेतून बाहेर येणाऱ्या तरुण साध्वीला इतर जणी विचारत, ‘पिताजींची माफी मिळाली का?’ या प्रश्नाचा अर्थ तिला स्वतःवर बलात्कार झाल्यानंतर कळे. आत गुन्हा बाबाचा, आणि माफी मिळणार तिला! 2002 मध्ये एका निनावी पत्राने हे पंतप्रधानांपर्यंत पोहोचवलं. ते छापणारे पत्रकार रामचंदर छत्रपती यांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा व्हायला ऑगस्ट 2017 उजाडला. न्यायालयाने या ‘माफी’ला बलात्कार म्हटलं आणि वीस वर्षं दिली. त्यानंतर बाबा पॅरोल आणि फर्लो या दोन शब्दांच्या आधाराने वारंवार बाहेर येऊन गेला. सरकारचाही कोश असतो.

महाराष्ट्राने यावर उतारा शोधला, तोही शब्दांतूनच धडपडत. अंधश्रद्धा निर्मूलनाचा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. विधेयकाची बरीच काटछाट झाली. ज्याला पुष्कळ जण अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतात, त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणाही आहे. अंधश्रद्धा हा शब्द नाही. भावना दुखावतात म्हणे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला.

या कायद्याचं परिशिष्ट मात्र वाचण्यासारखं आहे. त्यात भक्ती, कृपा, समर्पण यांची चर्चा नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, आपल्यात दैवी शक्ती असल्याचं भासवून फसवणं, मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून बाईशी संबंध ठेवणं, अशी नुसती कृत्यं लिहिली आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. दक्षता पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूदही आहे. कुणावर वेळ आलीच, तर त्या अधिकाऱ्याला महाराजांनी ‘कृपा केली’, ‘परीक्षा घेतली’, ‘सेवा करवून घेतली’ असं सांगत बसू नये. कुणी, कधी, कुठे, काय केलं आणि किती पैसे घेतले, एवढंच सांगावं.