दोन चाकांची ऐपत

दिल्लीत चाळिशीचा माणूस सायकलवर दिसला की बघणारे दोनच निदानं करतात: बिचाऱ्याची ऐपत नाही, किंवा डॉक्टरांनी सांगितलंय. एकेकाळी प्राध्यापकांनाही सायकलवर पाहिलेल्या पुणेकराला हे उमगायला जरा वेळ लागतो.

गुरुग्रामच्या सोसायट्यांत फैसला फाटकावरच होतो. रविवारी पहाटे घट्ट चड्डी, हेल्मेट आणि लाखाची सायकल असेल, तर गार्ड सलाम ठोकतो. सोमवारी हँडलला डबा लटकत असेल, तर ‘भैया, पहले एंट्री करो!’ लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. मुलगा सायकलने ऑफिसला जातो म्हटलं, की ‘घरी गाडी आहे हो, पर्यावरणासाठी करतो’ हे त्याच दमात सांगावं लागतं.

मंत्र्यांचं बरं असतं. २०१६ साली मनसुख मांडविया शपथविधीला राष्ट्रपती भवनात सायकलवरून गेले, त्याची बातमी झाली. दिल्लीतले माळी आणि शिपाई रोजच सायकलवरून कामाला जातात. त्यांना मंत्रिपद मिळालेलं नाही, एवढीच अडचण.

शेजारी साहिबाबादला अ‍ॅटलस सायकलचा मोठा कारखाना होता. तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, बंद पडला.