चिपाडातली साखर

हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते आणि जो तो एकच विचारतो, दर किती? विचारायलाच हवं. पण दर जिथं मुरतो, त्या जागेकडं कुणी फिरकत नाही. ती जागा म्हणजे मिलचा शेवटचा रोलर.

कुठल्याही कारखान्यात तिथलं मूठभर चिपाड हातात घ्या. ऊन, ओलसर, दाबलं की बोटांना किंचित चिकटणारं. त्या चिकटपणात आपली साखर आहे, आणि ती पट्ट्यावरून थेट बॉयलरच्या तोंडात चालली आहे.

आता हिशेब. टनामागं साधारण २८० किलो चिपाड निघतं. समजा, त्याचा पोल, म्हणजे त्यात राहून गेलेली साखर, २ टक्के होता आणि रोलरची दुरुस्ती करून तो १.८ वर आणला. टनाला अर्धा किलो साखर हाती लागली. एवढ्याशा आकड्यासाठी सभेत कुणी मान वर करत नाही. पण १० लाख टन गाळपाला ती ५०० टन होते. २०१९ साली ठरलेला ३१ रुपये किलोचा किमान विक्री दर धरला, तरी दीड कोटीच्या वर!

मात्र हे दीड कोटी तसेच्या तसे जमेला धरणं चूक. रोलरच्या दुरुस्तीचा खर्च वजा करा. पोल उतरवायला चिपाडावर गरम पाणी जास्त मारलं असेल, तर ते आटवायला वाफ लागली, वाफेला चिपाड जळलं, तेवढी विकायची वीज घटली. तीही वजा करा. मळीतून साखर ओढली, तर तेवढं इथेनॉल गेलं. तिथं कमाई फक्त दोन किमतींमधल्या फरकाची.

आणि नुसता उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा टक्का, वाढला म्हणून मशिनरीला हार घालू नका. थंडी चांगली पडली, को ८६०३२ जातीचा ऊस पक्व होऊन आला, तोडलेला ऊस न वाळता गव्हाणीत पडला, तरी उतारा चढतो. ते श्रेय रानाचं आणि तोडणी टोळीचं. यंत्राचा गुण चिपाडाच्या पोलमध्येच बघावा लागतो.

२०२५-२६ च्या एफआरपीत, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरात, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहेत आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. टनाला अर्धा किलो साखर म्हणजे ०.०५ टक्के उतारा, म्हणजे १७ रुपये. एकरी ४० टन काढणाऱ्याला जवळपास ७०० रुपये. खताच्या बिलाशी झगडणाऱ्या घरात ही रक्कम मोजून घेतली जाते.

आधुनिकीकरणावर किती कोटी घातले, हे सभेत ठणकावून सांगतात. त्यातून किती परत आलं, ते ऐकायला कान तरसतात. सभासद हा कारखान्याचा मालक आहे, त्याला परत आलेल्या पैशाची ओळ अहवालात छापून मिळालीच पाहिजे. पुढच्या सभेत दर विचारून झाला की माईक सोडायच्या आत एवढं विचारा: चिपाडाचा पोल गेल्या हंगामात किती होता आणि यंदा किती?